प्रॉस्पेक्ट रोटाव्हायरस एलायझा किट: बारा महिने चालवलं तरच कामाचं

पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबांत रोटाव्हायरसचा वाटा किती आणि तो कोणत्या महिन्यांत चढतो, हे मोजायचं तर आधी एक भरवशाची चाचणी हातात हवी. ऑक्सॉइडचं, म्हणजे आताच्या थर्मो फिशरचं, ‘प्रॉस्पेक्ट रोटाव्हायरस’ हे ९६ वेलचं, म्हणजे प्लेटवरच्या ९६ छोट्या खळग्यांचं, एलायझा (अँटीबॉडीनं विषाणू धरून रंगानं दाखवणारं) किट या कामासाठी अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत वापरलं जातं. एकेका रुग्णाचं निदान बाजूला ठेवून, हंगामी भार, म्हणजे मोसमागणिक या आजाराचं प्रमाण, मोजण्याचं साधन म्हणून ते कसं आहे एवढंच इथे तपासलं आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: किट चांगलं आहे. आकडा चुकतो तो बहुतेक वेळा प्लेटच्या बाहेर. नमुना कुणाचा घेतला, कधी घेतला, आणि जुलाबांची गर्दी ओसरल्यावर किट फ्रीजमध्ये पडून राहिलं का, यावर सगळं ठरतं.

वेलच्या तळाशी रोटाव्हायरसविरुद्धच्या पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या मिश्र) अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला धरणारी प्रथिनं, आधीच चिकटवलेल्या असतात. ग्रुप ए रोटाव्हायरसच्या आतल्या आवरणातलं व्हीपी६ हे प्रथिन त्यांचं मुख्य लक्ष्य. ग्रुप ए मधल्या सगळ्या विषाणूंत हे प्रथिन जवळपास सारखंच असतं. त्यामुळे बाहेरच्या आवरणावरच्या दोन प्रथिनांवरून पडलेले जी आणि पी प्रकार वर्षागणिक बदलले तरी किटची पकड सुटत नाही. एका वर्षाचा हंगाम दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहायचा असेल तर हा गुण फार मोलाचा आहे. आजाराच्या ऐन भरात एका ग्रॅम शौचात विषाणूचे कण हजार कोटींच्या घरात असतात, म्हणून खऱ्या आजाराचा नीट घेतलेला नमुना एलायझाच्या हातून सहसा निसटत नाही.

पण ‘नीट घेतलेला’ हा शब्द महत्त्वाचा. रुग्णालयातल्या पाहणीसाठी रुढ झालेली व्याख्या अशी: वय ० ते ५९ महिने, २४ तासांत ३ किंवा त्याहून जास्त पातळ जुलाब, आजार सुरू होऊन ७ दिवसांच्या आतला, शौचात रक्त नाही, आणि जुलाबांसाठीच भरती. नमुना भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत घ्यायचा. ही ४८ तासांची अट अनेक ठिकाणी सैल सोडली जाते, आणि तिथेच पहिला खड्डा आहे. रोटाव्हायरसची लागण झाल्यापासून जुलाब सुरू व्हायला साधारण २ दिवस लागतात. चौथ्या दिवशी घेतलेला नमुना पॉझिटिव्ह आला तर तो विषाणू मुलानं घरून आणला की वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरून उचलला, हे सांगता येत नाही. ऐन हंगामात वॉर्डात लागण होण्याची शक्यता वाढते, म्हणजे ही चूक नेमकी शिखराच्या महिन्यांत भर घालते आणि शिखर खोटं उंच दिसतं.

तान्ह्या बाळांच्या नमुन्यात डायपरचा मोठा त्रास. आतलं जेल पातळ शौचातलं पाणी क्षणात ओढून घेतं आणि खरवडून मिळतो तो गोळा मोजून घेता येत नाही. सोपा उपाय म्हणजे डायपर उलटा बांधायचा, प्लास्टिकची बाजू आत, किंवा आत स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा अंथरायचा. गुदद्वारातून घेतलेल्या स्वॅबवर शौच फारच थोडं येतं, म्हणून या किटसाठी तो शेवटचा पर्याय समजावा. फॉर्मॅलिन किंवा दुसऱ्या कुठल्याही जतन-द्रावणात टाकलेला नमुना चालत नाही. नमुना २ ते ८ अंश सेल्सियसला ३ दिवसांपर्यंत ठेवावा. त्याहून उशीर होणार असेल तर उणे २० किंवा त्याखाली गोठवावा, आणि गोठवण्याआधी दोन-तीन छोट्या बाटल्यांत वाटून ठेवावा. एकच बाटली पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली की नमुना बिघडत जातो.

प्लेट लावायचं काम सोपं आहे, पण घाईचं नाही. किट आणि नमुने फ्रीजमधून काढून किमान अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत. गार प्लेटवर काम सुरू केलं तर रंग फिका येतो आणि कडेच्या वेलचं वाचन मधल्या वेलपेक्षा वेगळं पडतं. वॉश बफरचा (वेल धुण्याच्या द्रावणाचा) अर्क दसपट पातळ करायचा असतो. बाटलीच्या तळाशी स्फटिक बसले असतील तर कोमट करून, पूर्ण विरघळल्यावरच मोजून घ्यावा. नाहीतर वरचं निवळ पाणी एका प्लेटला आणि खालचं मिठाचं पाणी दुसऱ्या प्लेटला जातं.

शौचाचं १० टक्के द्रावण करायचं: किटसोबतच्या द्रवाच्या १ मिलिलिटरमध्ये साधारण ०.१ ग्रॅम घट्ट किंवा १०० मायक्रोलिटर पातळ शौच. व्होर्टेक्सवर नीट ढवळून थोडा वेळ गाळ बसू द्यावा आणि वरच्या थरातून घ्यावं. गाळ पिपेटच्या टोकात अडकला की वेलमध्ये कमी पडतो, आणि पडलेला कण धुतानाही निघत नाही. वेलमध्ये १०० मायक्रोलिटर द्रावण, लगेच १०० मायक्रोलिटर कॉन्जुगेट (रंग आणणारं एन्झाइम जोडलेली अँटीबॉडी), मग २० ते ३० अंशांना ६० मिनिटं. धुणं ५ वेळा. सब्सट्रेट (त्या एन्झाइममुळे रंगणारा द्रव) १०० मायक्रोलिटर, १० मिनिटं. निळा रंग येतो. आम्ल टाकून थांबवलं की तो पिवळा होतो, आणि रीडर यंत्रावर ४५० नॅनोमीटरला त्याच्या रंगाचं वाचन घ्यायचं. निगेटिव्ह कंट्रोलच्या (विषाणू नसलेल्या, तुलनेसाठीच्या वेलच्या) वाचनात ०.२०० मिळवले की तो कटऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा. कटऑफच्या अगदी लगतचा नमुना नव्या द्रावणानं पुन्हा लावावा.

बिघाड बहुतेक धुण्यात होतात. वेल काठोकाठ भरायला हवा आणि पाचव्या फेरीनंतर प्लेट उलटी करून शोषक कागदावर जोरानं आपटायला हवी. वेलमध्ये थेंब राहिला तर न चिकटलेला कॉन्जुगेट तिथेच राहतो आणि सगळी प्लेट पिवळसर होते. जोरदार पॉझिटिव्ह वेलच्या शेजारचे दोन-तीन वेल हलके पॉझिटिव्ह दिसले तर ते धुताना उडालेले शिंतोडे समजून पुन्हा लावावेत, निकाल म्हणून लिहू नयेत. आणखी एक गोष्ट, जी पटकन लक्षात येत नाही: बुरशी येऊ नये म्हणून काही प्रयोगशाळा बफरमध्ये सोडियम अझाइड टाकतात. या किटचा रंग पेरॉक्सिडेज या एन्झाइमवर चालतो आणि अझाइड त्यालाच मारतं. कधीकधी पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा रंग धरत नाही, त्यामागे हेच असू शकतं.

किटचं पत्रक निकाल नुसत्या डोळ्यानं वाचण्याची परवानगी देतं. भार मोजण्याच्या कामात ती घेऊ नये. फिक्या पिवळ्या वेलवर दोन माणसांचं एकमत होत नाही, आणि ज्या महिन्यात तंत्रज्ञ बदलतो त्या महिन्यात हंगामही बदललेला दिसतो. रीडरचा आकडा जसाच्या तसा वहीत किंवा संगणकात लिहून ठेवावा. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहिलं तर पुढे कटऑफबद्दल शंका आली की मागे जाऊन काहीच तपासता येत नाही.

क्षमतेबद्दल डब्यावरचा आकडा जरा फसवा आहे. वेल ९६ असले तरी प्रत्येक फेरीला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह कंट्रोल लागतोच. पूर्ण प्लेट एकदम लावली तर ९४ नमुने होतात. पण ८ वेलची एकेक पट्टी दर आठवड्याला लावली तर पट्टीमागे ६ नमुने, म्हणजे १२ पट्ट्यांत ७२. पाव किट कंट्रोलमध्ये जातं. म्हणून मंद (कमी रुग्णांच्या) महिन्यांत नमुने गोठवून महिन्यातून एकदा लावणं शहाणपणाचं. उरलेल्या पट्ट्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट घट्ट बंद पिशवीत ठेवाव्यात. पिशवी नीट बंद झाली नाही तर पुढच्या फेरीला त्याच पट्ट्या दगा देतात.

आता मुख्य मुद्दा. रोटाव्हायरसचा हंगाम थंड आणि समशीतोष्ण देशांत हिवाळ्यात ठळक उठून दिसतो. उष्ण प्रदेशांत तो वर्षभर रेंगाळतो आणि थंड, कोरड्या महिन्यांत थोडा वर येतो. दोन्हीकडे मोह एकच: खाटा भरल्या की किट मागवायचं, गर्दी ओसरली की थांबवायचं. त्यातून आकड्याचं काय होतं ते पाहा.

समजा एका रुग्णालयात वर्षाला पाच वर्षांखालची ७५० मुलं जुलाबांसाठी भरती होतात. हंगामाच्या ३ महिन्यांत ३००, उरलेल्या ९ महिन्यांत ४५०. हंगामात खरा वाटा ५० टक्के, एरवी १० टक्के. म्हणजे वर्षातले रोटाव्हायरसचे रुग्ण १५० अधिक ४५, एकूण १९५, वाटा २६ टक्के. किट फक्त हंगामात चालवलं आणि मिळालेले ५० टक्के वर्षभराच्या ७५० ला लावले तर उत्तर येतं ३७५. जवळजवळ दुप्पट. उलट दर महिन्याला ठरवून ३० नमुने घेतले, वर्षाला ३६०, आणि सगळे पॉझिटिव्ह एकत्र मोजले, तर ४५ अधिक २७, म्हणजे ७२, वाटा २० टक्के. आता उत्तर कमी आलं, कारण गर्दीच्या महिन्यातल्या १०० भरत्या आणि मंद महिन्यातल्या ५० भरत्या दोन्हींना सारखंच वजन मिळालं. किट दोन्ही वेळा बरोबर होतं.

दुरुस्ती अवघड नाही. प्रत्येक महिन्याचा पॉझिटिव्ह वाटा त्याच महिन्याच्या एकूण भरत्यांनी गुणायचा आणि मग बारा उत्तरांची बेरीज करायची. वरच्या उदाहरणात ३० नमुन्यांवरूनही असं केलं की १९५ परत हाती येतात. त्यासाठी प्रत्येक महिन्यात नमुना न मिळालेल्या मुलांचीही नोंद हवी: वय, भरतीची तारीख, नमुना का मिळाला नाही. रात्री भरती होऊन सकाळी घरी गेलेली, शौच न झालेली, अतिदक्षता विभागात थेट गेलेली मुलं नमुन्यांच्या यादीत नसतात. शेवटच्या गटात सगळ्यात गंभीर आजारी मुलं असतात, आणि भाराच्या आकड्यातून त्यांचंच गळणं सगळ्यात जास्त खुपतं. व्हेसिकारी गुणांकन, म्हणजे आजाराची तीव्रता मोजणारे गुण, प्रत्येक भरतीला भरून ठेवलं (२० पैकी ११ किंवा जास्त म्हणजे गंभीर) तर नमुना मिळालेली आणि न मिळालेली मुलं किती वेगळी होती हे तरी तपासता येतं.

३० नमुन्यांवरून एकेका महिन्याबद्दल फार बोलूही नये. ३० पैकी १५ पॉझिटिव्ह आले तर खरा वाटा ५० च्या दोन्ही बाजूंना साधारण १८ टक्क्यांच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. ३० पैकी ३ आले तर साधारण ३.५ पासून २६ टक्क्यांपर्यंत काहीही. १०० नमुन्यांना ५० टक्क्यांभोवतीचा पट्टा १० वर येतो. वर्षाची बेरीज तग धरते, पण ‘या वर्षी हंगाम एक महिना आधी सुरू झाला’ असं म्हणायला आठवड्याचे पुरेसे नमुने लागतात. हंगामाची सुरुवात ठरवण्याची अमेरिकेत रुळलेली पद्धत म्हणजे सलग दोन आठवडे चाचण्यांमधला पॉझिटिव्ह वाटा १० टक्के किंवा त्याहून जास्त. लस आल्यावर हा उंबरठा काही वर्षी ओलांडलाच जात नाही, आणि जिथे विषाणू वर्षभर १० च्या वर असतो तिथे तो कधी उतरतच नाही. म्हणून आकडा उसना न घेता, निदान दोन वर्षांच्या स्वतःच्या महिनावार नोंदींवरून उंबरठा ठरवावा.

मंद महिन्यांत किटची एक उणीव उघडी पडते, आणि ती कुठल्याही एलायझाची असते. समजा चाचणी १०० पैकी ९५ खरे रुग्ण पकडते आणि रोटाव्हायरस नसलेल्या १०० नमुन्यांपैकी ३ चुकून पॉझिटिव्ह दाखवते. हंगामात, वाटा ५० टक्के असताना, १०० नमुन्यांत ४७-४८ खरे पॉझिटिव्ह आणि १-२ खोटे. काही बिघडत नाही. पण वाटा ३ टक्क्यांवर आला की १०० मध्ये साधारण ३ खरे आणि ३ खोटे. निम्मे पॉझिटिव्ह पोकळ. यावर दोन उपाय आहेत. मंद महिन्यांतले सगळे पॉझिटिव्ह दुसऱ्या पद्धतीनं पडताळायचे. ते थोडेच असतात, त्यामुळे खर्च झेपतो. किंवा गणितानं दुरुस्त करायचं: दिसलेल्या वाट्यातून खोट्या पॉझिटिव्हचा दर वजा करायचा, आणि उत्तराला चाचणीची पकड वजा तोच दर, म्हणजे इथे ०.९२, यानं भागायचं. दिसलेला ५.८ टक्के वाटा असा ३ टक्क्यांवर येतो. पडताळणीच आम्हाला जास्त पटते, कारण गणितात घातलेले दर दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेले असतात.

मंद महिन्यांतला आणखी एक पाहुणा म्हणजे लशीचा विषाणू. तोंडावाटे दिलेल्या रोटाव्हायरस लशीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो आणि डोसनंतर काही दिवस तो शौचातून बाहेर पडू शकतो. किटला तो आजाराच्या विषाणूसारखाच दिसतो. प्रत्येक अर्जावर शेवटच्या डोसची तारीख हवीच. डोसनंतर दोन आठवड्यांच्या आतले पॉझिटिव्ह वेगळे काढून पीसीआरनं (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीनं) लशीचा प्रकार तपासावा, नाहीतर लसीकरणाच्या वयातल्या बाळांमध्ये विषाणू उगाच वाढलेला दिसेल.

पीसीआर जास्त संवेदनशील आहे, मग एलायझा कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. निदानासाठी तो रास्त आहे. भारासाठी उत्तर वेगळं निघतं. जुलाब नसलेल्या मुलांच्या शौचातही रोटाव्हायरस अगदी थोड्या प्रमाणात सापडतो, आणि पीसीआर तोही टिपतो. एलायझाला दिसायला विषाणू भरपूर लागतो, आणि भरपूर विषाणू असतो तेव्हा जुलाबांचं कारण बहुधा तोच असतो. या कामात एलायझाची कमी संवेदनशीलता गुण ठरते. पीसीआर वापरायचं तर विषाणूच्या प्रमाणाचा कटऑफ हवा आणि तुलनेसाठी निरोगी मुलांचे नमुनेही हवेत. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेम्स या जुलाबांची कारणं शोधणाऱ्या अभ्यासात जुलाबांच्या ९,४३९ मुलांसोबत १३,१२९ निरोगी मुलांचेही नमुने होते, ते यासाठीच.

किटला काय दिसत नाही हेही ध्यानात ठेवायला हवं. फक्त ग्रुप ए रोटाव्हायरस. नोरोव्हायरस, सॅपोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस, अ‍ॅडेनोव्हायरस ४० व ४१ यांतलं काहीच नाही. निगेटिव्ह वेल पाहून ‘जुलाब विषाणूमुळे नाहीत’ असं लिहिणं चूक आहे. लस रुळलेल्या देशांत ही उणीव जास्त जाणवते: अमेरिकेत लशीनंतर लहान मुलांच्या दवाखान्यातल्या जुलाबांत नोरोव्हायरस पहिल्या क्रमांकावर आला. नोरोव्हायरसच्या एलायझा किट्सची पकड कमजोर असते, त्याला पीसीआरच लागतं. विषाणूजन्य जुलाबांचा सगळा भार हवा असेल तर दर महिन्याच्या निगेटिव्ह नमुन्यांतून चिठ्ठ्या टाकून काही पीसीआरला पाठवावेत, आणि त्या निकालांनाही महिन्याच्या भरत्यांचं वजन द्यावं. हिवाळ्यातल्या भरत्यांतून उन्हाळ्यातल्या वजा करून विषाणूचा वाटा काढण्याची जुनी युक्ती चाचणीविना चालते खरी, पण उन्हाळ्यातले विषाणूजन्य जुलाब ती शून्य धरते, आणि हंगाम पसरट असेल तिथे ती काहीच सांगत नाही.

कार्ड चाचणीशी (कार्डावर रेघ उमटवणाऱ्या झटपट चाचणीशी) तुलना थोडक्यात. ती १०-२० मिनिटांत होते, रीडर लागत नाही, एकेक नमुना लावता येतो, कंट्रोलमध्ये वेल जात नाहीत. आठवड्याला दोन-तीनच नमुने येत असतील तर तीच परवडते. मात्र फिकी रेघ कशी वाचायची यावर वाद होतात आणि मागून तपासायला आकडा हाती नसतो. एकाच पाहणीत अर्धं वर्ष कार्ड आणि अर्धं वर्ष एलायझा असं मात्र कधी करू नये.

मेरिडियनचं प्रीमियर रोटाक्लोन हा तोडीचा पर्याय आहे. त्यात मोनोक्लोनल (एकाच प्रकारची) अँटीबॉडी वापरली आहे आणि पायऱ्याही याच धाटणीच्या. दोन्हींतलं एक निवडावं आणि पाहणी संपेपर्यंत तेच ठेवावं.

मागणी नोंदवताना हंगामाच्या तोंडावर एकगठ्ठा किट घेण्याऐवजी दोन हप्त्यांत घ्यावीत, म्हणजे मंद महिन्यांसाठीची किट मुदत संपायच्या आत वापरून होतात. लॉट (किटच्या उत्पादनाची खेप) बदलताना जुन्या लॉटमध्ये तपासलेले २० नमुने नव्या लॉटमध्ये पुन्हा लावावेत: काही जोरदार पॉझिटिव्ह, काही निगेटिव्ह, आणि निदान पाच-सहा कटऑफच्या जवळचे. जवळच्यांपैकी दोनाहून जास्त निकाल पालटले तर नवा लॉट चालू करण्याआधी पुरवठादाराला कळवावं आणि तोवर नमुने गोठवून ठेवावेत. प्रत्येक पॉझिटिव्हची एक न उघडलेली बाटली उणे ७० ला ठेवावी, तिच्यावर भरतीचा महिना आणि रीडरचा आकडा लिहून. जी आणि पी प्रकार तपासायची वेळ येते तेव्हा कोणत्या महिन्यातले किती घ्यायचे हे त्या चिठ्ठीवरूनच ठरतं.